‘शारीरचित्र’ की ‘शरीररचनाचित्र’? आणि कातडी काढलेल्या पुतळ्याला काय म्हणावं?

प्रश्न : अ‍ॅनाटॉमिकल ड्रॉइंगला ‘शारीरचित्र’ म्हटलं तर चालेल का? शब्द आटोपशीर वाटतो.

उत्तर : व्युत्पत्तीच्या दृष्टीनं चूक नाही. सुश्रुतसंहितेत शरीररचनेवरचं ‘शारीरस्थान’ आहेच. पण आज आपण ‘शारीर ओढ’, ‘शारीर संबंध’ असं म्हणतो, त्यामुळे वाचक भलतीकडे जाईल. ‘शरीररचनाचित्र’ लांब असलं तरी नेमकं आहे.

उदाहरणच द्यायचं तर हेन्री व्हँडाइक कार्टर. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या पाठ्यपुस्तकातली चित्रं त्याची. त्यातली एखादी धमनी नीट पाहा. तिचं नाव बाजूला रेघ ओढून दिलेलं नाही, धमनीच्या अंगावरच लिहिलंय आणि तिच्या वळणाबरोबर वळलंय. नाव आणि अवयव एकाच नजरेत! हा माणूस त्याच वर्षी मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, तरी आपल्याकडे त्याचं नाव फार कमी जणांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते.

चित्रकारांचा अभ्यास मात्र वेगळा. त्यांना नावं नकोत, हात उचलल्यावर खांद्याचा स्नायू कुठे फुगतो ते हवं. त्यासाठी लागतो कातडी काढलेला पुतळा, फ्रेंचमध्ये ‘एकोर्शे’. लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेत डॉक्टर विल्यम हंटर शरीररचना शिकवत. १७७६ मध्ये फाशी दिलेल्या एका माणसाचं प्रेत तिथे सोललं गेलं, त्याला ‘मरणोन्मुख गॉल’ या जखमी योद्ध्याच्या प्राचीन शिल्पासारखं बसवलं आणि शिल्पकार अगोस्तिनो कार्लिनीनं त्याचा साचा घेतला. तो चोरटा व्यापारी असावा म्हणून पुतळ्याचं नाव लॅटिनच्या थाटात ‘स्मगलेरियस’ पडलं. माणसाचं खरं नाव मागे पडलं.

अशा पुतळ्याला मी ‘सोलीव पुतळा’ म्हणेन.

प्रश्न : ‘सोलीव’ म्हटलं की लसूण, वाल आठवतात. ‘निस्त्वच’ अधिक भारदस्त नाही का?

उत्तर : भारदस्त आहे, पण ‘निस्त्वच’ म्हणजे ज्याला त्वचा नाही तो. ती होती आणि कुणीतरी काढली, हे त्यात येत नाही. ‘सोलीव’मध्ये सोलणारा हात दिसतो, फ्रेंच शब्दातही तो आहेच. शिवाय वर्गात सहज म्हणता येतं, ‘आज सोलीव पुतळ्यावरून पाठ काढली.’