मुलाला विंगवर खेळवत आहेत. स्ट्रायकर होण्याचा हट्ट धरावा का?

डिचोलीचा पालक (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावीत शिकतो. भात कापल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात खेळतच तो वाढला आणि गेली तीन वर्षे एका फुटबॉल क्लबच्या वयोगट संघात स्ट्रायकर म्हणून, म्हणजे मध्यभागी सर्वांत पुढे गोल करण्यासाठी, खेळत होता. या हंगामात प्रशिक्षकांनी त्याला डाव्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेला, नेले आहे. त्याच्या पायांत वेग आहे, पण उंची पाच फूट सहा इंचच आहे आणि वरच्या पातळीवर मधली जागा परदेशी खेळाडूंनीच अडवलेली असते, असे ते सांगतात. मुलगा इतका खट्टू झाला आहे की घरी आल्यावर बूटही धूत नाही. अशातच दक्षिण गोव्यात साष्टीतल्या एका क्लबकडून त्याच्याविषयी तोंडी विचारणा झाली. तेथे त्याला स्ट्रायकर म्हणूनच घेणार असे म्हणतात, मात्र त्यांच्या वरिष्ठ संघात आघाडीवर आधीच दोन परदेशी आहेत. आमच्या घरात कोणी फुटबॉल खेळलेले नाही, आणि आमच्या गावात लोक रात्र जागवतात ती नाटकाच्या तालमीसाठी, त्यामुळे विचारायचे कोणाला हाच प्रश्न आहे. या वयात जागा महत्त्वाची की क्लब?

फातोर्ड्याचा जुना प्रेक्षक

प्रशिक्षकांचे म्हणणे टोचणारे असले तरी निराधार नाही. आयएसएल (इंडियन सुपर लीग) ही देशातली मोठी फुटबॉल लीग 2014 मध्ये सुरू झाली. तेव्हापासून 2024-25 पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा सुवर्णबूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. त्याआधी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतही गोव्याच्या संघांनी गोल करण्याचे काम परदेशी खेळाडूंवरच सोपवले होते. चर्चिल ब्रदर्सकडे ओडाफा ओकोली होता, धेंपोकडे रँटी मार्टिन्स. रँटीने 2011-12 च्या एका हंगामात 32 गोल केले आणि धेंपो विजेते ठरले. एफसी गोवाचा स्पॅनिश स्ट्रायकर कोरो 2017 मध्ये येथे आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता, तरी त्याने 57 सामन्यांत 48 गोल केले. त्याच्यानंतर आलेला इगोर अँग्युलो तर छत्तीस वर्षांचा होता, आणि 2020-21 चा सुवर्णबूट तोच घेऊन गेला. गोल करणारा माणूस घडवायला सात-आठ वर्षे लागतात आणि घडलेला माणूस बाजारात मिळतो, मग क्लब काय निवडणार?

मैदानावर किमान किती भारतीय हवेत याची अट आयएसएलमध्ये पाचांवरून 2017-18 पासून सहावर आणि 2021-22 पासून सातवर गेली. त्यामुळे भारतीयांसाठी जागा निश्चित वाढल्या, पण त्या बचावात, मधल्या फळीत आणि विंगवर. मधल्या स्ट्रायकरच्या जागेला क्लबांनी शक्यतो हात लावला नाही. साळगावकरच्या ब्रुनो कुतिन्होने आघाडीवर खेळूनच भारताचे कर्णधारपद आणि 2001 चा अर्जुन पुरस्कार मिळवला, हे खरे. पण ती पिढी वेगळ्या बाजारात वाढली. म्हणून माझा सल्ला असा, की विंगवर खेळू द्या.

निवृत्त नऊ नंबर

वरील आकडे मान्य आहेत, निष्कर्ष अर्धाच मान्य आहे. मी आठ वर्षे गोव्याच्या लीगमध्ये आघाडीवर खेळलो आणि पुढे एका खात्याच्या संघामुळे नोकरीला लागलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विंग ही शिक्षा नव्हे. बेंगळुरू एफसीने 2017-18 मध्ये मिकू या परदेशी स्ट्रायकरला मध्यभागी ठेवून सुनील छेत्रीला बाजूने खेळवले. त्या आयएसएल हंगामात मिकूने 15 गोल केले आणि छेत्रीने 14. छेत्रीची उंचीही काही फार नाही, तरी 6 जून 2024 रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला तेव्हा त्याच्या नावावर 151 सामन्यांत 94 गोल होते. (पुढच्या वर्षी तो परतला, ही गोष्ट आपल्याकडच्या स्ट्रायकरांच्या दुष्काळाबद्दल बरेच सांगून जाते.) बाजूने खेळूनही तो गोल करत राहिला, कारण दुसऱ्या बाजूने क्रॉस (कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू) निघताना तो रेषेपाशी उभा राहत नसे, तर आत घुसत असे.

मुलाच्या बाबतीत हेच बघायला हवे. स्ट्रायकरचे मुख्य काम चेंडू येण्याआधीच होऊन गेलेले असते. क्रॉस येण्याच्या बेतात असताना चांगला स्ट्रायकर दोन पावले दूरच्या खांबाकडे टाकतो, बचावपटू त्याच्यामागे वळला, त्याची नजर क्षणभर चेंडूवरून सुटली, की झटकन त्याच्या पुढून जवळच्या खांबापाशी येतो. मग साधा पाय लावला तरी पुरतो. प्रेक्षकाला वाटते की चेंडू आयताच मिळाला. ही सवय सोळा ते वीस या वयात रोजच्या सामन्यांतून लागते, आणि ती बाकावर बसून लागत नाही.

माझे नेमके तेच चुकले. एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या क्लबने "तूच आमचा पुढचा स्ट्रायकर" असे तोंडी सांगितले. दोन हंगामांत मला एकूण एकशे चाळीस मिनिटे मिळाली, तीसुद्धा बहुतेक सामना हातचा गेल्यावर. लहान क्लबमध्ये परतलो तेव्हा पाय तेच होते, पण कोणत्या क्षणी धावायचे याचे भान बोथट झाले होते. छेत्रीसारख्यालाही हा अनुभव आला: 2012 मध्ये तो लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये गेला, मुख्य संघात जागा मिळेना, तेव्हा 2013 च्या सुरुवातीला उसन्या खेळाडूच्या कराराने आपल्या चर्चिलकडे आला, नियमित खेळला आणि आय-लीग जिंकून गेला. म्हणून साष्टीतल्या त्या क्लबला एकच विचारा: या हंगामात त्यांच्या एकोणीस वर्षांखालच्या एखाद्या स्ट्रायकरला वरिष्ठ संघात किती मिनिटे मिळाली?

वकील, पणजी

खेळाविषयी मी बोलत नाही. कागदांविषयी दोन शब्द. तोंडी विचारणेला शून्य किंमत द्या. फिफाच्या नियमावलीनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही, त्यामुळे पाच वर्षांचा कागद कोणी पुढे केला तर सही करू नका. वैद्यकीय विमा आणि दुखापतीच्या काळातील वेतन यांची कलमे स्वतंत्र लिहून घ्या. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला तर शस्त्रक्रियेनंतर साधारण नऊ महिने सामने विसरावे लागतात, आणि मुलाचा करार त्याच काळात संपला तर उपचाराचा खर्च घरावर येतो.

तो आतापर्यंत कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडे नोंदलेला होता, याची भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय प्रणालीतील नोंद बरोबर आहे ना, हेही पाहून घ्या. पुढे कधी एखाद्या परदेशी क्लबने त्याच्या क्लबला रक्कम मोजून त्याला घेतले, तर बारा ते तेवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना त्या रकमेतील पाच टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो. तुमच्या गावच्या क्लबलाही तो मिळू शकतो, आणि नोंद नसेल तर बुडतो.

बारावी मात्र सोडू देऊ नका. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले, आणि 2025 मध्ये तर आयएसएलचा हंगामही व्यावसायिक हक्कांच्या कराराअभावी वेळेवर सुरू झाला नाही. त्यात खेळाडूंचा दोष काहीच नव्हता.

डिचोलीचा पालक

सर्वांचे आभार. आज त्या क्लबला फोन केला. मिनिटांचा प्रश्न विचारल्यावर पलीकडून बराच वेळ काही बोलणे झाले नाही, आणि मग "तुम्ही एकदा येऊन भेटा" एवढेच उत्तर आले. सध्याच्या क्लबमध्येच राहावे असे आता वाटते. विंगवर असताना आत घुसण्याची मोकळीक मुलाला आहे का, हे प्रशिक्षकांना कसे विचारावे? ते वयाने मोठे आहेत, त्यांना दुखवायचे नाही.

निवृत्त नऊ नंबर

विचारू नका, आधी मोजा. रविवारच्या सामन्याला वही घेऊन जा. उजवीकडून प्रत्येक क्रॉस निघताना मुलगा पेनल्टी क्षेत्राच्या आत होता की रेषेपाशी, एवढीच खूण करा. तीन सामन्यांची वही झाली की ती प्रशिक्षकांना नव्हे, मुलाला दाखवा आणि तो आत का गेला नाही हे त्यालाच विचारा. "सरांनी नको सांगितले" असे उत्तर आले तर येथे पुन्हा लिहा. "लक्षात आले नाही" असे आले तर त्याला घेऊन एखाद्या संध्याकाळी म्हापशाच्या धुळेर मैदानाबाहेर भेटा, मी तेथे बहुधा असतो.