ब्लीच : बाऊंट आर्कला भाच्याने बघणं सोडलं. नेमकं कुठे बिघडलं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा भाचा आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याला 'ब्लीच' ही जपानी अॅनिमे (अॅनिमेशन) मालिका दाखवायला घेतली. कॉलेजात असताना या मालिकेने मला रात्र रात्र जागवलं होतं, ती त्याच्यासोबत पुन्हा बघायची हौस होती. सोल सोसायटीचे, म्हणजे मृतात्म्यांच्या जगातले, भाग त्याने श्वास रोखून बघितले. तिथला सज्जन वाटणारा कॅप्टन आयझेन खलनायक निघतो, चष्मा काढतो, हातात चुरडतो, केस मागे सारतो आणि त्या उजेडात वर वर जायला लागतो, तेव्हा हा पठ्ठ्या हातातला घास तसाच धरून उभा राहिला होता.

मग ६४ वा भाग लावला, बाऊंट आर्क (कथेचा एक सलग टप्पा) सुरू झाला. दर एक-दोन भागांनी त्याचा एकच प्रश्न, "मामा, आयझेन कुठे गेला?" सत्तरीच्या आसपास तो प्रश्नही बंद झाला. ७८ व्या भागाला म्हणाला, "तू बघ, मी आलोच." आलाच नाही.

मलाही तेव्हा हा आर्क रटाळ वाटला होता, पण का, ते कधी सांगता आलं नाही. "फिलर (मूळ चित्रकथेत नसलेली, मध्ये भरलेली गोष्ट) आहे म्हणून" हे उत्तर मला पुरत नाही. बाऊंट ही माणसांच्या आत्म्यांवर जगणारी जमात सोल सोसायटीच्याच संशोधनातल्या अपघातातून जन्मली, त्यांचा म्होरक्या कारिया त्याचाच सूड उगवायला निघालाय. कथाबीज चांगलंच आहे की. मग घोडं कुठे पेंड खातंय? आणि सरळ ११० वर उडी मारली तर पोराचं काही चुकेल का? त्याचा या मालिकेतला जीव उडू नये एवढंच वाटतं.

प्रतिसाद १

११० बिनधास्त लावा, काही चुकत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मला त्यातच दिसतं. ६४ ते १०९ म्हणजे ४६ भाग, आठवड्याला एक धरला तर जवळजवळ वर्ष. ते अख्खं वर्ष कापून टाकलं तरी गोष्टीला कुठे भोक पडत नाही.

असं व्हायचं कारण धंद्याचं आहे. तिते कुबो यांचा मूळ मांगा (जपानी चित्रकथा) २००१ पासून साप्ताहिकात येत होता, अॅनिमे ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झालं. अॅनिमेच्या एका भागात मांगाची दोन-तीन प्रकरणं सहज खर्ची पडतात, मांगाचं नवं प्रकरण मात्र आठवड्याला एकच. सोल सोसायटी संपता संपता अॅनिमे मांगाच्या पाठीला टेकलं. टीव्हीवरची वेळ तर दर आठवड्याला भरायची. मग स्टुडिओ पिएरोने स्वतःची गोष्ट रचली, पण प्रत्येक पात्र जिथून उचललं तिथेच परत नेऊन ठेवणं भाग होतं.

इशिदाचं बघा, नायकाचा मित्र, क्विन्सी वंशाचा धनुर्धर. सोल सोसायटीतल्या मायुरी या कॅप्टनशी लढताना त्याने आपली सगळी शक्ती पणाला लावली आणि गमावली. मोठी किंमत आहे ती. मांगात पुढे त्याचे वडील र्युकेन ती परत मिळवून देतात, पण शिनिगामींशी (सोल सोसायटीच्या तलवारधारी योद्ध्यांशी) संबंध तोडण्याच्या अटीवर. बाऊंट आर्कला इशिदा लढायला हवा होता, म्हणून त्याला तात्पुरती शक्ती देणारं एक क्विन्सी साधन मिळालं, आणि शेवटी तो पुन्हा रिकाम्या हाताने उभा. म्हणजे आधीचा त्याग स्वस्त झाला आणि वडिलांच्या अटीतली धारही गेली. आर्क नुसता निरुपयोगी असता तर मला इतकं लागलं नसतं. त्याने दोन्ही बाजूंच्या चांगल्या प्रसंगांची झीज केली.

प्रतिसाद २

वरच्यांशी निम्मी सहमत. "काही बदलू शकत नाही" हेच कारण असेल तर झानपाकुतोंच्या (शिनिगामींच्या, स्वतःचा आत्मा असलेल्या तलवारींच्या) बंडाचा आर्क इतक्या जणांना का आवडतो? २३० पासूनचे भाग. तोही फिलर, तोही ऐन लढाईच्या मध्ये घुसवलेला, आणि शेवटी तिथेही सगळं जागच्या जागी.

फरक असा की तिथे ज्यांची गोष्ट आहे त्यांना आपण आधीच ओळखतो. सेनबोनझाकुरा, सोदे नो शिरायुकी ही नावं कितीतरी भाग ऐकत आलोय. ती माणसासारखी समोर येतात आणि आपल्याच मालकावर उलटतात. रुकिया या शिनिगामीला तिच्या तलवारीसमोर उभं राहावं लागतं, तेव्हा रुकियाबद्दलच काहीतरी नवं कळतं.

बाऊंटमध्ये सगळंच परकं. नवी जमात, प्रत्येकाची वेगळी लढाऊ बाहुली, त्या बाहुल्यांची नावं, वर रिरिन, कुरोदो आणि नोबा ही नवी मॉड सोल (कृत्रिम आत्मे) मंडळी. त्यांची ओळख करून देण्यातच पहिले कितीतरी भाग जातात. त्यात नुकताच बांकाई (तलवारीचं सर्वोच्च रूप) वापरून ब्याकुया या कॅप्टनशी बरोबरीने लढलेला नायक इचिगो या अनोळखी लोकांपुढे अडखळतो. तिथे माझा विश्वास उडाला. पात्राने कमावलेलं बळ लेखकाच्या सोयीसाठी काढून घेतलं की प्रेक्षकाला लगेच कळतं, आठवीतल्या मुलाला तर आधी कळतं.

एक मात्र त्या आर्कच्या बाजूने सांगते. इशिदा आणि योशिनो ही बाऊंट स्त्री यांच्यातले प्रसंग मनापासून लिहिलेले आहेत. भाचा मोठा झाला की दाखवा.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. इशिदाचा मुद्दा वाचून तर डोक्यात लख्ख उजेड पडला. ताई, योशिनोबद्दल अगदी खरं, मी विसरलोच होतो.

आता वाटतंय की भाच्याने उत्तर पहिल्या आठवड्यातच दिलं होतं. "आयझेन कुठे गेला?" होग्योकु हा जादुई गोळा घेऊन तो निघून गेलाय आणि त्याला शोधायला कुणी धावत नाही, तर कारिया कितीही दुःखी असला तरी त्याच्याकडे लक्ष कसं जाणार?

प्रतिसाद ३

बरोबर पकडलंत. गोष्टीने आधी लावलेली भूक न भागवता दुसरंच ताट पुढे केलं की ते चांगलं असलं तरी घशाखाली उतरत नाही.

पुढची एक जागा आत्ताच लिहून ठेवा. आयझेनने पळवलेल्या ओरिहिमेला, इचिगोच्या मैत्रिणीला, सोडवायला सगळे हुएको मुंदो या शत्रूच्या जगात शिरलेत, जीव टांगणीला, आणि १६८ व्या भागात अचानक सोल सोसायटीत तिसऱ्या तुकडीला आमागाई नावाचा नवा कॅप्टन येतो. ओरिहिमेचं कुणाला काही पडलेलंच नाही! १६७ संपला की थेट १९० लावा. मी पहिल्यांदा तिथेच मालिका सोडली होती, परत यायला दोन वर्षं लागली. २०२२ मध्ये सुरू झालेले शेवटच्या युद्धाचे भाग मात्र टप्प्याटप्प्याने आणले, मध्ये असा उपरा आर्क नाही. तिथपर्यंत पोराला नक्की न्या.

धागाकर्ता

रविवारी ११० लावला. त्याला एवढंच सांगितलं की रुकिया अजून सोल सोसायटीतच आहे आणि इशिदाकडे शक्ती नाही. मोबाइल बाजूला ठेवून बसला होता. काल र्युकेनची अट ऐकली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, मग तो आता इचिगोशी बोलणारच नाही?"

१६८ ते १८९ कपाटाच्या दारावर लिहून ठेवलंय.