क्यूजीआयएस: 'रिलेटिव्ह' निवडूनही दुसऱ्या लॅपटॉपवर लेयर सापडत नाहीत

ओढाकाठ (प्रश्न)
विंडोज, क्यूजीआयएस ३ (नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर; त्यातला माहितीचा एकेक थर म्हणजे लेयर). प्रोजेक्ट सी:/नकाशे/पाणलोट.क्यूजीझेड इथे आहे. उंचीचा रास्टर (चौकटींचा बनलेला चित्र-लेयर) सी:/नकाशे/डेटा मध्ये, आणि गावे, नाले वगैरे चाळीसेक शेपफाइली (बिंदू-रेषा-आकारांचे लेयर) डी:/सर्व्हे मध्ये. प्रॉपर्टीज > जनरल > सेव्ह पाथ्स 'रिलेटिव्ह'च आहे. दोन्ही फोल्डर पेनड्राइव्हवरून दुसऱ्या लॅपटॉपवर नेले, तर फक्त रास्टर दिसतो. प्रत्येक लेयर हाताने जोडावा लागेल का?

शिवधुरा
नाही. सेटिंग बरोबर आहे, घोळ ड्राइव्हचा आहे. रिलेटिव्ह पाथ म्हणजे प्रोजेक्ट फाइलच्या फोल्डरपासून वर-खाली जाण्याची वाट. विंडोजमध्ये सी: वरून डी: वर जाणारी अशी वाटच नसते, म्हणून त्या लेयरचे पाथ सेटिंग काहीही असले तरी पूर्णच, ड्राइव्हच्या अक्षरासकट, लिहिले जातात.

मूळ मशीनवर 'सर्व्हे' फोल्डर सी:/नकाशे च्या आत हलवा. प्रोजेक्ट उघडला की न सापडलेल्या लेयरची यादी येईल. सगळ्या ओळी एकदम निवडून 'ब्राउझ' दाबा. एकाहून जास्त ओळी निवडल्या असतील तर तो फाइल नव्हे, फोल्डर विचारतो आणि त्याच नावाच्या फाइली तिथे शोधतो. मग 'अप्लाय चेंजेस' आणि प्रोजेक्ट सेव्ह. पाथ सेव्ह करतानाच नव्याने लिहिले जातात, त्यामुळे ही शेवटची पायरी गाळली तर सगळे मुसळ केरात.

शेपफाइल हलवताना एसएचपी सोबत डीबीएफ, एसएचएक्स, पीआरजे पण न्या.

तिसराडोळा
डेटा चार-पाच उपफोल्डरांत विखुरला असेल तर वरचा उपाय फोल्डरागणिक करावा लागतो. त्यापेक्षा 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये प्रकार क्यूजीएस निवडा (क्यूजीझेड ही झिप असते, क्यूजीएस साधी एक्सएमएल), प्रोजेक्ट बंद करा, प्रत काढा आणि नोटपॅड++ मध्ये 'डी:/सर्व्हे/' च्या जागी सगळीकडे './सर्व्हे/' करा. एकच लेयर फाइलीत एकाहून जास्त ठिकाणी नोंदलेला असतो, म्हणून 'रिप्लेस ऑल'च. जिओपॅकेज (एकाच फाइलीत अनेक लेयर ठेवणारा प्रकार) असेल तर पाथनंतर उभी रेघ आणि लेयरचे नाव येते, त्याला हात लावू नका.

ओढाकाठ
'सर्व्हे' दुसऱ्या प्रोजेक्टनाही लागतो, 'नकाशे'च्या आत नको असेल तर?

शिवधुरा
मग दोन्ही एकाच ड्राइव्हवर, एकाच आईफोल्डरात ठेवा: डी:/काम/नकाशे आणि डी:/काम/सर्व्हे. दोन्ही पाथमधला सुरुवातीचा सारखा भाग (डी:/काम) गाळा. प्रोजेक्टच्या बाजूला जितके फोल्डर उरतील तितक्या वेळा '../' लिहा, पुढे डेटाच्या बाजूचे उरलेले जोडा. इथे '../सर्व्हे/गावे.एसएचपी'. फोल्डर मोजायचे, प्रोजेक्ट फाइलचे नाव नाही. ते धरलं की एक '../' जास्त होतो आणि पाथ डी:/सर्व्हे कडे जातो. दुसऱ्या मशीनवर 'काम' अख्खा न्या, ड्राइव्हचं अक्षर कुठलंही चालेल.

तिसराडोळा
दोन भर. चिन्हांच्या एसव्हीजी (चित्रफाइली) आणि लेआउटमधला (छापायच्या पानावरचा) लोगो न सापडलेल्या लेयरच्या यादीत येत नाहीत, त्या आपल्या फोल्डरात ठेवा किंवा 'एम्बेड फाइल' करा. आणि समोरचा लिनक्सवर असेल तर फाइलनावातलं रोमन अक्षर लहान की मोठं हेही जुळायला हवं. विंडोज तिकडे काणाडोळा करतो.