'होस्ट' म्हणजे नेमकं कोणतं मशीन?

प्रश्न: लिनक्सवर एक लायब्ररी विंडोजसाठी क्रॉस-कंपाइल करून (म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड तयार करून) तिचं पॅकेज बनवतोय, आणि सोबत मराठीत सूचना लिहितोय. 'होस्ट'ला कोशात 'यजमान' मिळतो. काम माझ्या लिनक्स मशीनवर चाललंय, म्हणजे यजमान तेच ना? पण कॉन्फिगर स्क्रिप्टला होस्ट म्हणून विंडोजचं नाव द्यावं लागतं. असं उलटं का?

उत्तर: यजमान बरोबर आहे, पाहुणा चुकलाय. पाहुणी ती लायब्ररी, तुम्ही नव्हे. ती जिथे नांदणार ते मशीन होस्ट. ऑटोकॉन्फमध्ये, म्हणजे तुमची कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनात, संकलन (कंपाइल) जिथे होतं ते 'बिल्ड' आणि तयार झालेला कोड जिथे चालतो तो 'होस्ट'. तिसरा शब्द 'टार्गेट' फक्त कंपायलर, असेंब्लर, लिंकर यांच्यासारख्या साधनांना लागतो, कारण ती स्वतःच पुढे कोणासाठी तरी कोड तयार करतात. साध्या लायब्ररीला टार्गेट नसतं, त्यामुळे तो पर्याय सोडून द्या.

दुसरं उत्तर: हे ऑटोकॉन्फपुरतं ठीक. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांशी बोलाल तर ते लिनक्सला होस्ट म्हणतील आणि विंडोजला टार्गेट. सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनातही ज्या चलांच्या (व्हेरिएबलच्या) नावात 'होस्ट' आहे, ती संकलन करणाऱ्या मशीनबद्दल बोलतात.

प्रश्नकर्ता: मग दोघांतलं खरं कोण?

पहिलं उत्तर देणारा: दोघंही. होस्ट हा शब्द षष्ठी मागतो आणि आपण ती गाळतो, सगळा घोळ तिथे आहे. 'होस्ट' म्हणजे ज्या प्रोग्रामबद्दल बोलतोय तो जिथे चालतो ते मशीन. रस्टवाले कंपायलरबद्दल बोलतात: कंपायलरचा होस्ट लिनक्स, कंपायलरचं टार्गेट विंडोज. ऑटोकॉन्फ लायब्ररीबद्दल बोलतं: लायब्ररीचा होस्ट विंडोज. मशीन तीच दोन, कर्ता बदलला. सूचनांत नुसतं 'यजमान' लिहू नका. 'लायब्ररी जिथे चालेल ते मशीन' असं सरळ लिहा, लांब झालं तरी चालेल.

प्रश्नकर्ता: पटलं. आता होस्ट म्हणून विंडोजचं जे नाव द्यायचं, त्या 'एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२' या नावात ६४ दोनदा आणि वर ३२ कशाला?

दुसरं उत्तर: बिट बघायचे ते फक्त पहिल्या भागात. मधला 'डब्ल्यू६४' व्हेंडरच्या (पुरवठादाराच्या) जागी बसलाय, विंडोजसाठी कंपाइल करण्याची साधनं देणाऱ्या मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ या प्रकल्पाची ती खूण. शेवटचं ३२ जुन्या नावातून तसंच राहिलंय. ३२ बिटांच्या विंडोजसाठीचं नाव 'आय६८६-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२', तिथेही डब्ल्यू६४ आहेच.

तिसरं उत्तर: पॅकेजिंगमधला एक शब्द राहिला. फेडोरा या लिनक्स वितरणात अशा पॅकेजांवर आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) म्हणून 'नोआर्क' लिहितात. आत तर खास एका प्रोसेसरसाठीची डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल)! मराठीत 'आर्किटेक्चरविरहित' लिहिलंत तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. अर्थ एवढाच की पॅकेज कोणत्याही फेडोरा मशीनवर बसवता येतं, कारण ते मशीन या फायली चालवत नाही, फक्त लिंक करताना (प्रोग्राम लायब्ररीशी जोडताना) वापरतं. डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणात याच कामाला 'ऑल' म्हणतात. मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. 'कुठेही बसणारं' म्हटलं की झालं.

प्रश्नकर्ता: शेवटची शंका. पॅकेजमध्ये डीएलएल 'बिन'मध्ये गेली आणि 'लिब'मध्ये '.डीएलएल.ए' उरली. यातली लायब्ररी कोणती म्हणायची?

तिसरं उत्तर: बोलताना दोन्हींना लायब्ररीच म्हणतात. पण 'लिब'मधली आहे ती इम्पोर्ट लायब्ररी, लिंकरपुरती. खरा कोड डीएलएलमध्ये. विंडोज डीएलएल शोधतं ते प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात आणि 'पाथ' या यादीतल्या फोल्डरांत, म्हणून ती 'बिन'मध्ये ठेवण्याची पद्धत पडली. नुसता प्रोग्राम चालवणाऱ्याला डीएलएल पुरते, त्यावर पुढे काही लिहिणाऱ्याला हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख देणारी फाइल) आणि इम्पोर्ट लायब्ररीही लागते. सूचनांत दोघांसाठी वेगळी ओळ लिहा.