मदत हवी आहे : इंदूरमध्ये वडिलांसाठी तळमजल्यावरची भाड्याची जागा आणि सध्याचे घर सोडण्यासाठी मुदत

नमस्कार. मी आणि माझे वडील इंदूरच्या रामबाग भागात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत बरीच वर्षे भाड्याने राहत आहोत. मूळ मालक वारल्यानंतर त्यांच्या मुलांनी हा वाडा या उन्हाळ्यात विकला, आणि ज्यांनी तो विकत घेतला त्या गृहस्थांनी आम्हाला दसऱ्यापूर्वी खोल्या रिकाम्या करण्यास तोंडी सांगितले आहे. त्यांनी कोणतीही लेखी नोटीस दिलेली नाही. बोलणे सभ्यपणाचे आहे, धाकदपटशा अजिबात नाही, परंतु मुदत वाढवून मागितली की ते विषय बदलतात. वाड्यातील दुसरे बिऱ्हाड गेल्या महिन्यातच निघून गेले, त्यामुळे सध्या तिथे आम्ही दोघेच उरलो आहोत.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल. वडिलांचे वय ७८ आहे. ते एका कापड गिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते हिशेबाचे काम करून त्यांनी घर चालवले, आणि आता त्यांना भविष्य निर्वाह निधीचे अगदी तुटपुंजे निवृत्तिवेतन मिळते. मी सियागंजातील एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबनीस आहे. वडिलांच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली असून ते वॉकर घेऊन चालतात. आताची जागा जुनी आहे, भिंतींना ओल येते, पण ती तळमजल्यावर आहे, दाराबाहेर पडवी आहे आणि शेजारपाजार ओळखीचा आहे. मी दिवसभर कामावर असताना ते एकटे राहू शकतात ते या तीन गोष्टींच्या बळावर. नवी जागा शोधताना माझी सगळी अडचण इथेच येते.

भाडे आम्ही सध्या ६,५०० रुपये देतो आणि ९,००० रुपयांपर्यंत देण्याची माझी तयारी आहे. या रकमेत एक खोली, स्वयंपाकघर आणि स्वतंत्र न्हाणीघर मिळत नाही असे नाही. मिळते ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर. नव्या बांधणीच्या इमारतींत तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला असतो आणि लिफ्टची सोय असलेल्या ठिकाणचे भाडे मला झेपत नाही. भंवरकुआ आणि खंडवा रोडच्या बाजूला खोल्या भरपूर आहेत, परंतु त्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या असतात. एका ओळीत खोल्या, मधून अरुंद जिना, सामायिक शौचालय आणि तेही बहुधा भारतीय पद्धतीचे. तिथल्या मालकांनी म्हाताऱ्या माणसाला ठेवून घेण्यास सरळ नकार दिला आणि तो मला समजण्यासारखा वाटला. मनाला लागले ते वेगळेच. जुन्या वसाहतींत दोन ठिकाणी जागा पसंत पडली, बोलणीही झाली, आणि मग घरात कोणी कर्ता पुरुष आहे का, भाऊ किंवा नवरा करारावर सही करील का, असे विचारले गेले. मी कमावती आहे, पगाराची पावती दाखवते, आजवर एकाही महिन्याचे भाडे थकवलेले नाही, तरीही माझी सही अपुरी का पडावी हे मला खरोखर कळत नाही.

आता कागदपत्रांविषयी. आमचा ११ महिन्यांचा करारनामा वडिलांच्या नावाने मूळ मालकांशी झाला होता. त्याची मुदत केव्हाच संपली, नवा करार झाला नाही, परंतु भाडे दर महिन्याला बँकेतून जात राहिले. वाडा विकल्यानंतरचे भाडे नव्या मालकांनी स्वतःच्या खात्यावर घेतले आहे. अनामत म्हणून दिलेले १५,००० रुपये मात्र जुन्या मालकांच्या कुटुंबाकडेच आहेत. ते म्हणतात की सगळा हिशेब व्यवहारात मिटला, आणि नवे मालक म्हणतात की अनामतीविषयी त्यांना काही सांगितले गेले नव्हते. गेल्या आठवड्यात नव्या मालकांनी एक टंकलिखित कागद आणून दिला असून त्यात ‘आम्ही स्वखुशीने जागा सोडत आहोत व आमची कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असे लिहिले आहे. वडील सही करायला निघाले होते, कारण कोणाच्या घरात त्याच्या मनाविरुद्ध राहू नये असे त्यांना मनापासून वाटते. मी त्यांना थांबवले आहे.

मला भांडण करायचे नाही आणि न्यायालयात वर्षानुवर्षे तारखाही नको आहेत. जागा त्यांची आहे आणि ती आम्ही सोडणार आहोत. मला फक्त वडिलांना चालण्याजोगी दुसरी जागा मिळेपर्यंत, म्हणजे साधारण देवदिवाळीपर्यंत, वेळ हवा आहे. हा वेळ कोणत्या शब्दांत आणि कशाच्या आधारे मागावा? त्या कागदावर सही करावी का? अनामत कोणाकडे मागावी? आणि रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर किंवा तिलक नगर या भागांत तळमजल्यावरील जागा कोणाच्या माहितीत असल्यास, किंवा ती शोधण्याचा दलालाखेरीज दुसरा मार्ग असल्यास, कृपया सांगावे. दलालांनी एका महिन्याचे भाडे मागितले आहे. ते द्यावेच लागले तर देईन, पण तेवढ्या पैशांत न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवून होतील.

प्रतिसाद : निवृत्त वकील, इंदूर

ताई, त्या कागदावर सही करू नका हे आधी सांगतो. तो कागद वाईट हेतूने आणला असेल असे मी म्हणत नाही, परंतु ‘मागणी शिल्लक नाही’ या तीन शब्दांनी तुमची अनामतही जाते आणि मुदतही जाते.

आपल्याकडे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ हा घरभाड्याविषयीचा कायदा लागू आहे. करारनाम्याची मुदत संपली म्हणून भाडेकरूचे संरक्षण संपत नाही. घरमालकाला भाडेकरूविरुद्ध जागा खाली करून घेण्याचा दावा लावायचा असेल तर कलम १२ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे तरी कारण असावे लागते, आणि तुमच्या बाबतीत भाडे थकल्याचे कारण तर नाहीच. स्वतःला राहण्यासाठी जागेची खरी गरज असणे हे एक कारण आहे, परंतु ज्याने घर खरेदी करून मालकी मिळवली आहे त्याला खरेदीपासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत या कारणावरून दावा लावता येत नाही, अशी तरतूद त्याच कलमात आहे. वाडा या उन्हाळ्यात विकला गेला असे तुम्ही लिहिता, तेव्हा ही गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. मात्र एक सावधगिरी बाळगा. वाडा पाडून नवे बांधकाम करायचे आहे असे कारण त्यांनी दिले, तर एका वर्षाची ही अट त्याला लागू होत नाही. म्हणून ते नेमके कोणते कारण देतात हे त्यांच्याकडूनच लेखी घ्या. मालक विधवा, अपंग किंवा निवृत्त सरकारी नोकर असल्यास त्यांना दिवाणी न्यायालयाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी वाट आहे आणि ती तुलनेने लवकर संपते. तेव्हा खरेदीखत कोणाच्या नावावर झाले आहे हेही पाहून ठेवा.

मधल्या काळात पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला बाहेर काढणे कायद्याला मान्य नाही. बळाने कुलूप लावले गेलेच तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट), १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. तुमच्या लिहिण्यावरून तशी वेळ येईल असे दिसत नाही. भाडे मात्र एक दिवसही उशिरा जाऊ देऊ नका, आणि बँकेतूनच द्या.

मुदत मागण्यासाठी वडिलांच्या नावाने एक साधे पत्र लिहा. जागा सोडण्यास तयारी आहे, वडिलांचे वय व शस्त्रक्रिया, अमुक तारखेपर्यंतची मुदत, तोवर नियमित भाडे, आणि ताबा देताना अनामत परत, एवढे पाच मुद्दे त्यात पुरेत. पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन, जुन्या व नव्या अशा दोन्ही मालकांना पाठवा आणि विक्रीच्या व्यवहारात अनामत कोणाकडे वळती झाली हे दोघांनाही लेखी विचारा. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले तरी ते लेखी असावे. तुम्ही स्वतः अर्ज केल्यास जिल्हा न्यायालयातील विधिक सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो, कारण १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते. दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. वकील घेतला म्हणजे भांडण सुरू झाले असे समजू नका. पुष्कळदा दोन्ही बाजूंना बसवून तारीख ठरवून देण्याचे कामही तिथे होते.

प्रतिसाद : सुदामा नगरवासी

वकीलसाहेबांनी कायद्याचे सांगितले, मी जागेचे सांगते. तुम्हाला हवी तशी जागा संकेतस्थळांवर क्वचितच दिसते, कारण ज्यांच्याकडे ती असते त्यांना जाहिरात करायची नसते. सुदामा नगर, लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगर येथे जुन्या बांधणीची स्वतंत्र घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांत मालक वरच्या मजल्यावर राहतात, मुले पुण्याला किंवा परदेशात असतात, आणि खाली कोणीतरी विश्वासाचे माणूस असावे असे त्यांनाच वाटत असते. अशा मालकांपर्यंत दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आणि औषधांचे दुकान यांच्यामार्फत पोहोचता येते. रविवारी सकाळी एकेक गल्ली धरून चाला आणि ‘दोघेच आहोत, वडील वृद्ध आहेत, तळमजला हवा’ असे स्पष्ट सांगून आपला क्रमांक ठेवून या. वडिलांचे वय लपवू नका; ज्यांना ते चालत नाही त्यांच्याकडे तुम्हाला जायचेच नाही.

जागा पाहताना नर्मदेचे, म्हणजे महापालिकेच्या नळाचे, पाणी घरात येते की घर केवळ बोअरिंगवर आहे, हे आधी विचारा. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा खालच्या हौदातून पाणी वर चढवण्याचे काम कोण करते आणि खालच्या बिऱ्हाडाला नळ स्वतंत्र आहे का, हे महत्त्वाचे ठरते, कारण दुपारी पाणी संपले तर तुमचे वडील वर जाऊन सांगू शकणार नाहीत. विजेचे मीटर स्वतंत्र आहे की पोटमीटर आहे, हेही पाहा. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात, परंतु मालक आणि भाडेकरू यांचा वापर एकाच मीटरवर एकत्र झाला की ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि मग मालक आपल्या दराने पैसे लावतात. न्हाणीघराच्या दाराची रुंदी वॉकर घेऊनच मोजा आणि उंबरठा किती उंच आहे ते पाहा. तळमजला असल्याने पावसाळ्यात गल्लीतले पाणी ओट्यापर्यंत चढते का, हे मालकांना न विचारता समोरच्या घरी विचारा.

करारावर पुरुषाची सही मागतात हा अनुभव मलाही आला आहे आणि तो मला आजही बोचतो. मी तेव्हा एवढेच केले की कार्यालयाचे नोकरीचे पत्र, बँकेच्या खात्यातून गेलेल्या भाड्याच्या नोंदी आणि आधीच्या मालकांचे दोन ओळींचे पत्र अशी एक फाईल करून पहिल्याच भेटीत पुढे ठेवली. तुमच्या मूळ मालकांच्या मुलांना अनामतीविषयी काहीही म्हणायचे असो, ‘भाडे नेहमी वेळेवर मिळाले’ एवढे लिहून देण्यास ते नाही म्हणणार नाहीत. भाडेकरूची माहिती मालकाला पोलीस ठाण्यात द्यावी लागते. त्याचा अर्ज तुम्हीच भरून नेलात तर म्हाताऱ्या मालकांची एक धावपळ वाचते आणि त्यांची भीतीही कमी होते. शेजारच्या गल्लीत एक खालची जागा दिवाळीच्या सुमारास रिकामी होणार आहे असे ऐकले आहे. त्या काकूंशी बोलून तुम्हाला निरोप पाठवते.

धागाकर्ती :

दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. कागदावर सही केलेली नाही. वडिलांना पत्राचा मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकच बदल सुचवला. मुदतीचा उल्लेख ‘हक्क’ म्हणून न करता ‘विनंती’ म्हणून करावा, असे ते म्हणाले. तो मी केला आहे, पण कलमाचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात तसाच ठेवला आहे. पत्रे दोन्ही ठिकाणी पाठवली. नव्या मालकांनी पत्र मिळाल्यावर दूरध्वनी केला, आणि बांधकाम त्यांना पावसाळ्यानंतर लगेच सुरू करायचे आहे हे प्रथमच मोकळेपणाने सांगितले. देवदिवाळीपर्यंत थांबण्यास ते तयार आहेत, मात्र त्यांना तशी लेखी हमी हवी आहे. ती देण्यास आमची हरकत नाही.

यामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे आणि त्यासाठी पुन्हा लिहीत आहे. जागा सोडण्याची तारीख, तोवरचे भाडे आणि ताब्याच्या दिवशी १५,००० रुपये परत, या तिन्ही गोष्टी असलेले समजुतीचे पत्र ई-स्टॅम्पवर करून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तर ते पुरेसे होईल का, की ते विधिक सेवा प्राधिकरणात नोंदवून घ्यावे? अनामतीची रक्कम नव्या मालकांनी द्यायची आणि त्यांनी ती जुन्या मालकांकडून वसूल करायची, असे त्यात लिहिता येते का? सुदामा नगरच्या ताईंनी सांगितलेली जागा मी येत्या रविवारी वडिलांना रिक्षाने घेऊन जाऊन पाहणार आहे, तेव्हा त्याआधी याचे उत्तर मिळाल्यास बरे होईल.