मदत हवी आहे: सरळ केलेल्या ओढ्यात गोट्यांची पुळण

खानापूर तालुक्यात मलप्रभेला मिळणारा एक ओढा दोन्ही काठांना दगडी पिचिंग (दगड रचून केलेली भिंत) करून सरळ केलाय. तळ 12 मीटर रुंद, भर पावसात पाणी जेमतेम 60 सेंमी. पात्र इतकं रुंद नि उथळ असलं की डाव्या-उजव्या अंगाला आळीपाळीनं पुळण (गोट्यांचा साचलेला उंचवटा) धरतेच; आल्प्समध्ये सरळ केलेल्या ऱ्हाइन नदीतही हेच दिसतं. जेसीबीनं उपसून उपयोग नाही, रुंदी तीच राहते, वरून गोटे येतच राहतात.

खरी काळजी पुळणीसमोरच्या भिंतीची. पाणी तिकडे ढकललं जाऊन पायथ्याचा दगड उघडा पडलाय, हातानं हलतो. त्यात पुळणीवर शेरणी (नदीपात्रात वाढणारं झुडूप) रुजलीय. तिनं मुळं धरली की पुळण पुढं सरकणार नाही आणि मार एकाच जागी बसेल.

मृगाआधी शेरणी उपटावी, की भिंतीचा पायाच खोल न्यावा? पात्राच्या मोजणीसाठी आडवे छेद किती अंतरावर घ्यावेत? असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.