घरच्या पॅलिएटिव्ह केअरचा / हॉस्पिसचा खर्च मेडिक्लेममधून मिळतो का? मदत हवी आहे

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण तपशिलाशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

सासरे ६८ वर्षांचे, आमच्याकडेच असतात. स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. किमो बदलून पाहिली, आता ऑन्कोलॉजिस्टच म्हणतात की थांबवा आणि दुखणं आटोक्यात ठेवा (पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हेच). बाबांनाही पुन्हा आयसीयू नको आहे, त्यांनी स्वच्छ सांगितलंय. तेव्हा 'अजून एका डॉक्टरांना दाखवा', 'अमुक काढा द्या' हे कृपया नको. प्रश्न फक्त खर्चाचा आहे.

दहा लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच मेडिक्लेम) आहे, जुनी, हप्ता कधी चुकलेला नाही. यंदाच्या कव्हरातले निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. न्यू जर्सीच्या भाऊजींच्या सासूबाईंना तिथे घरीच हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळातली शुश्रूषा, मिळालं. बेड, नर्सच्या फेऱ्या, औषधं, सगळं तिथल्या मेडिकेअर योजनेने दिलं. म्हणून भाऊजींचा रोज फोन, 'वहिनी, इतकी वर्षं प्रीमियम भरलाय, इन्शुरन्सला लावा.' टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) विचारलं तर 'मॅम, ॲडमिशन असेल तर प्रीऑथ (आधीच्या मंजुरीचा अर्ज) पाठवा' याच्या पुढे गाडी सरकत नाही.

भाड्याचा फाऊलर बेड, ऑक्सिजन मशीन, रात्रीची ब्युरोची बाई, नर्सची व्हिजिट, मॉर्फिनच्या गोळ्या, डायपर. यातलं काही क्लेममध्ये बसतं का? हॉस्पिसमध्ये ठेवलं तर? पॉलिसीत 'डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन' म्हणून कलम आहे, ते यासाठीच असतं का? आणि घरी आणताना हॉस्पिटलने 'डामा' (डॉक्टरांचा सल्ला डावलून डिस्चार्ज) लिहिलं तर आधीचं बिलही अडकतं म्हणतात, खरं का?

कोथरूडकर

अबोलीताई, ब्रोशर बाजूला ठेवा. पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ उघडून त्यात 'एक्सक्ल ०५' शोधा. 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर' असं शीर्षक दिसेल. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये नेहमीच्या वगळण्यांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली, त्यातलं हे कलम. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, हिंडवणं-फिरवणं यासाठी घरी किंवा नर्सिंग होममध्ये ठेवलेल्या माणसाचा खर्च मिळत नाही, मग ती शिकलेली नर्स असो की ब्युरोची बाई. पुढच्याच ओळीत, आजाराच्या अंतिम अवस्थेतल्या रुग्णाच्या शारीरिक, सामाजिक, भावनिक आणि आध्यात्मिक गरजांसाठीच्या सेवाही नाहीत. म्हणजे हॉस्पिस ज्याला म्हणतात नेमकं तेच उचलून बाहेर ठेवलंय! माझ्या आईच्या वेळी हे वाचून माझं डोकं फिरलं होतं. एखादी कंपनी मनात आणलं तर हे कव्हर देऊ शकते, म्हणून तुमच्या पॉलिसीचं शेड्यूल (काय काय कव्हर आहे तो तक्ता) एकदा बघाच, पण फार आशा धरू नका.

भाऊजींना सांगा, मेडिकेअर ही मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीची सरकारी योजना आहे. आजार आपल्या गतीने गेला तर सहा महिने किंवा कमी, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि रुग्णाने बरं करणारे उपचार सोडले की हॉस्पिस सुरू होतं. तिथेसुद्धा चोवीस तासांची बाई घरच्यांनाच लावावी लागते. आपला मेडिक्लेम मुळात 'हॉस्पिटलात २४ तास' या अटीवर उभा आहे.

आता काय बसू शकतं ते. काविळीसाठी स्टेंट, दुखण्यासाठी नर्व्ह ब्लॉक, पोटातलं पाणी काढणं, असं खरंच काही करावं लागलं तर तो उपचारच आहे. चोवीस तासांपेक्षा कमी राहणार असाल तर डे-केअरमध्ये (एका दिवसाच्या आत उरकणाऱ्या उपचारांत) धरतात का, हे आधी लेखी विचारा. तो क्लेम मंजूर झाला की डिस्चार्जनंतरची औषधं, तपासण्या, व्हिजिटा 'पोस्ट-हॉस्पिटलायझेशन'मध्ये टाकता येतात. बऱ्याच पॉलिसींत ६० दिवस असतात. प्रिस्क्रिप्शन आणि पक्की बिलं जपा, मेडिकलवाल्याची चिठ्ठी चालत नाही. डायपर आणि बाईचा पगार मात्र विसरा. आणि घरी झेपत नाही म्हणून नुसतं ॲडमिट करून क्लेम लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, केसपेपरवर ते लगेच दिसतं.

डोमिसिलिअरी म्हणजे एरवी हॉस्पिटलातच करावा लागला असता असा उपचार, पण रुग्ण हलवण्याजोगा नाही किंवा खाट मिळत नाही म्हणून घरी केलेला. तुमच्या केसमध्ये ते लागू करणं कठीण.

निवांत_डॉक्टर

घरी न्या असं डॉक्टरच सांगत असतील तर 'डामा' कशासाठी? डामा म्हणजे सल्ला झुगारून नेणं. ड्यूटीवरचा मुलगा सवयीने तो शिक्का मारतो. आदल्या दिवशीच कन्सल्टंटना गाठा आणि डिस्चार्ज समरीत 'बेस्ट सपोर्टिव्ह केअर, घरी' असं स्पष्ट लिहून मागा. पुढे मॉर्फिन मिळवतानाही हाच कागद उपयोगी पडतो. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली तरी मॉर्फिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थेतूनच घ्यावं लागतं. गोळ्या संपायच्या आधी सोय बघा, शनिवार-रविवारी फार हाल होतात.

माहीमची_मावशी

हॉस्पिसला पैसे लागतीलच असं का धरताय? वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना विनामूल्य ठेवतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तेही विनामूल्य. तिथे काही दिवस ठेवून औषधं बसवून घरी नेणारे पुष्कळ आहेत, घरच्यांनाही शिकवतात. जागा आहे का ते फोन करून विचारा.

दुसरं, मेडिक्लेम सोडा, आयुर्विमा बघितलात का? काही टर्म पॉलिसींत 'टर्मिनल इलनेस'चा लाभ असतो. डॉक्टरांनी मुदत लिहून दिली की विम्याची रक्कम किंवा तिचा काही भाग हयातीतच मिळतो. आणि तुमचे मिस्टर जुन्या करपद्धतीत असतील तर आयकराचं ८०डीडीबी कलम विचारा सीएला. मुलावर अवलंबून असलेल्या वडिलांच्या कॅन्सरवरच्या खर्चाची वजावट मुलाला मिळते, सूनबाईंना नाही!

अबोली_नाशिक

सगळ्यांचे आभार. वर्डिंग उघडलं, कोथरूडकर म्हणतात ते कलम शब्दशः आहे. स्क्रीनशॉट भाऊजींना पाठवला, आता ते बेड आणि रात्रीच्या बाईचा खर्च उचलतो म्हणालेत. समरीचं उद्या राउंडच्या वेळी बोलते.

मावशी, बाबांची एक टर्म पॉलिसी कपाटात सापडली. पहिल्या पानावर लाभांची यादी आहे, त्यात टर्मिनल इलनेस दिसत नाही, पण मागे रायडरचा (जोड-कव्हरचा) वेगळा कागद जोडलाय आणि तो बारीक टायपात. हे शाखेत जाऊन विचारायचं की एजंटला? एजंट केव्हाच व्यवसाय सोडून गेलेत. आणि बाबांची सही आता नीट येत नाही, अंगठा चालतो का?